विमान कोसळल्यानंतर हिमवादळ आले, तर पहिल्या रात्री काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: लहान प्रवासी विमान उंच, बर्फाच्छादित डोंगरात कोसळले, आठ-दहा जण वाचले, अंधार पडायला दोन-अडीच तास उरले आहेत आणि समोरून वादळ चढून येत आहे, अशा वेळी आधी आग पेटवावी, अन्न शोधावे, की उजेड आहे तोवर दरीच्या दिशेने उतरायला लागावे? वैमानिकांना आणि गिर्यारोहकांना अतिथंड प्रदेशात तग धरण्याचे प्रशिक्षण देण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे आणि शोधपथकांबरोबरही वावरलो आहे, त्यामुळे हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक वर्गात ऐकू येतो. माझे उत्तर विचारणाऱ्याला बहुधा थोडे निराश करते, कारण आपण मांडलेल्या तीन पर्यायांपैकी एकही त्या पहिल्या रात्री पहिल्या क्रमांकावर बसत नाही.

मूळ अडचण उष्णतेच्या जमाखर्चाची आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण 100 वॉट उष्णता निर्माण करते. हुडहुडी भरली की हे प्रमाण काही पटींनी वाढते, परंतु ती वाढ शरीरातील साठ्यावर चालते आणि तासन्‌तास टिकत नाही. म्हणजे जमेची बाजू ठरलेली आहे आणि ती वाढवण्याचे मार्ग थोडे आहेत. खर्चाची बाजू मात्र बरीचशी आपल्या हातात असते: वारा, ओल, खालची थंड जमीन आणि उघडे अंग, या चार वाटांनी उष्णता निघून जाते आणि चारही वाटा कमीअधिक प्रमाणात बुजवता येतात. शरीराच्या आतील तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की माणूस धोक्याच्या हद्दीत शिरतो, म्हणजे नेहमीच्या 37 अंशांपासून हे अंतर अवघे दोन अंशांचे आहे. म्हणून हातात असलेले दोन-अडीच तास या वाटा बुजवण्यासाठी वापरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात परिस्थितीनुसार काय बदलते, तेही आधीच सांगतो. किती जण धडधाकट आहेत, कोणाला उचलावे लागणार आहे, अंगावर कोणते कपडे आहेत, विमान कोणत्या मार्गाने निघाले होते हे नियंत्रण कक्षाला ठाऊक आहे की नाही, आणि बर्फ कोरडा आहे की ओला, यांवर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. यातला शेवटचा मुद्दा लोकांना क्षुल्लक वाटतो आणि तो तसा मुळीच नाही. उणे 10 अंशांतला कोरडा, भुसभुशीत बर्फ झटकला की कपड्यांवरून पडून जातो. शून्याच्या आसपासचा पाऊसमिश्रित बर्फ मात्र कपड्यांत मुरतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे थर्मामीटरवर कमी भयानक दिसणारे हवामान प्रत्यक्षात अधिक घातक ठरू शकते. मी पुढे जे लिहितो आहे, ते कोरड्या थंडीचे आणि वादळाचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. ओली थंडी असेल तर कोरडे राहण्याविषयीच्या प्रत्येक सूचनेचे महत्त्व दुप्पट समजावे.

अपघातानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत थंडीचा विचार करू नये. सगळ्यांनी विमानापासून, शक्यतो वारा जिकडून येतो त्या बाजूला, दूर व्हावे आणि इंधनाचा वास व धूर पूर्ण ओसरेपर्यंत, इंजिने थंड होईपर्यंत, जवळ जाऊ नये. मोठ्या प्रवासी विमानांना प्रमाणपत्र देताना अर्ध्या दरवाजांतून 90 सेकंदांत सर्वांना बाहेर काढून दाखवावे लागते, ते आगीच्या भीतीपोटी. वाहते रक्त दाबून थांबवणे आणि बेशुद्ध माणसाचा श्वास मोकळा ठेवणे, एवढी दोनच कामे त्या मिनिटांत करण्यासारखी असतात. दूर बसतानाही जखमींना थेट बर्फावर न ठेवता त्यांच्याखाली हाताला येईल ते, कोट, पिशवी, उशी, काहीही सरकवावे.

विमान पेट घेणार नाही याची खात्री पटली की निवाऱ्याचा प्रश्न येतो, आणि इथे जुन्या मार्गदर्शिका आणि प्रत्यक्ष घटना यांच्यात वरवर पाहता विरोध दिसतो. अनेक लष्करी मार्गदर्शिका सांगतात की कडाक्याच्या थंडीत विमानाच्या धडात राहू नये, कारण ॲल्युमिनियमचा पत्रा उष्णता झपाट्याने बाहेर टाकतो आणि आतली पोकळी मोठी असल्यामुळे ती माणसांच्या ऊबेने तापत नाही. हे म्हणणे बरोबर आहे. दुसरीकडे, 13 ऑक्टोबर 1972 रोजी अँडीज पर्वतात सुमारे 3,600 मीटर उंचीवर कोसळलेल्या उरुग्वेच्या हवाई दलाच्या विमानातले लोक त्याच तुटक्या धडात राहिले, आणि 45 पैकी 16 जण 72 दिवसांनंतर जिवंत परतले. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी तुटलेल्या मागच्या तोंडाशी सामानाच्या बॅगा आणि आसने रचून भिंत उभी केली होती. माझ्या मते या दोन्हींचा मेळ असा बसतो: जंगल असेल, फांद्या असतील, अंगात ताकद असेल आणि पुरेसा उजेड असेल तर झाडांच्या आडोशाने लहान, बुटका निवारा करणे केव्हाही चांगले, परंतु झाडे नसतील, वादळ तासाभरावर असेल आणि जखमी असतील, तर विमानाचे धडच वापरावे आणि त्यातला एक लहानसा कप्पा तेवढा आपला मानावा. आठ-दहा माणसांनी पूर्ण केबिन वापरण्याचे कारण नाही. दोन ओळींच्या जागेत सगळे मावतील अशा बेताने पडदे, गालिचे, लाइफ जॅकेट, बॅगा यांची आडभिंत घालावी, छतही खाली आणावे. दहा माणसे म्हणजे, मघाच्या हिशेबाने, सुमारे 1 किलोवॉटचा हीटर झाला. तो मोठ्या दिवाणखान्यात ठेवायचा की कोठडीत, हे आपण ठरवायचे.

आडभिंतीच्या फटींत बर्फ भरावा. बर्फ थंड असतो म्हणून लोक कचरतात, पण ताजा बर्फ म्हणजे बहुतांशी अडकलेली हवा असते आणि अडकलेली हवा उत्तम उष्णतारोधक असते. बाहेर उणे 30 असताना नीट बांधलेल्या बर्फाच्या गुहेत तापमान शून्याच्या थोडे खाली राहू शकते. म्हणूनच धडावर बाहेरून बर्फ साचू लागला तर रात्री तो काढण्याची घाई करू नये. हवेच्या झरोक्याकडे तेवढे लक्ष द्यावे. मात्र जागा निवडताना वर पाहणे विसरू नये. साधारण 30 ते 45 अंशांच्या बर्फाळ उताराच्या पायथ्याशी विमान अडकले असेल तर हिमस्खलनाचा धोका खरा आहे. अँडीजमधल्या त्या लोकांवर 29 ऑक्टोबरच्या रात्री धडात झोपेत असतानाच बर्फाची लाट कोसळली आणि आठ जण गेले. त्यांच्याकडे हलायला दुसरी जागा नव्हती; आपल्याकडे असेल तर ती वापरावी.

आता ज्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते तिच्याकडे येतो, आणि ती म्हणजे अंगाखालचा थर. सरावासाठी आलेल्या लोकांना निवारा करायला सांगितले की बहुतेक जण छताच्या मागे लागतात आणि रात्री दीडच्या सुमाराला कुशीकडून, कमरेकडून गारठून उठतात. अंगावरचे पांघरूण आपल्या वजनाने दबत नाही, खालचे दबते, आणि दबलेला थर ऊब धरत नाही. त्यामुळे अंगावर जितके घ्याल त्याच्या दुप्पट अंगाखाली घ्यावे. विमानात यासाठी लागणारे साहित्य भरपूर असते. आसनांच्या गाद्या बऱ्याचदा नुसत्या चिकटपट्टीने बसवलेल्या असतात. पुढच्या कडेखाली बोटे घालून वर ओढले की करकर आवाज करत निघतात. त्या दोन थरांत, सांधे एकावर एक येणार नाहीत अशा रीतीने, मांडाव्यात. केबिनच्या आतील प्लास्टिकची आवरणे उचकटली की मागे पातळ चकचकीत पापुद्र्यात गुंडाळलेल्या काचतंतूच्या गाद्या सापडतात. हा विमानाचा स्वतःचा उष्णतारोधक थर असतो. तो पापुद्रा फाडू नये, कारण आतले तंतू त्वचेला आणि डोळ्यांना असह्य खाज आणतात. आहे तसाच कपड्यांच्या दोन थरांच्या मध्ये, पाठीशी आणि पोटाशी खोचावा. आसनांची आवरणे कापून हातमोजे, कानटोप्या आणि पायांवरची वेष्टने होतात. सुरक्षापट्टे हे उत्तम बंद आहेत. अँडीजमधल्या लोकांनी पुढे विमानाच्या शेपटीकडील उष्णतारोधक कापड तांब्याच्या तारेने शिवून तिघांना पुरेल अशी झोपण्याची पिशवी केली आणि अखेरचा प्रवास त्या पिशवीच्या बळावरच शक्य झाला.

हे सगळे काम संथपणे करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, जरी वादळ दिसत असताना ती विचित्र वाटली तरी. घाईने काम केले की घाम येतो, घाम आतल्या कपड्यात मुरतो, आणि आपण थांबलो की तोच ओलावा शरीराची ऊब ओढून घेऊ लागतो. काम सुरू करताना एक थर उतरवून ठेवावा आणि किंचित गार वाटत असतानाच काम करावे; थांबताक्षणी तो थर पुन्हा चढवावा. सुती कपडा ओला झाल्यावर जवळजवळ निरुपयोगी होतो, लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते, म्हणून बॅगा उघडून पाहताना लोकरीचे आणि कृत्रिम धाग्याचे कपडे अंगालगत आणि सुती कपडे बाहेर किंवा अंगाखाली, अशी वाटणी करावी. बॅग कोणाची आहे याचा संकोच त्या संध्याकाळी करू नये.

वाऱ्याविषयी एकच आकडा देतो. हवेचे तापमान उणे 10 असताना ताशी 40 किलोमीटर वेगाने वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ती थंडी जवळपास उणे 21 अंशांसारखी लागते. वादळात बाहेर पडण्याच्या प्रत्येक मोहाला हा आकडा पुरेसा आहे. जाता जाता एक गैरसमजही दूर करतो: शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे वाक्य खूप फिरते, पण ते खरे नाही, डोक्याचा वाटा त्याच्या क्षेत्रफळाइतकाच, म्हणजे साधारण दहावा हिस्सा असतो. तरीही टोपी घालावीच, कारण बाकीचे अंग झाकलेले असताना उघडे राहिलेले डोके हीच मोठी गळती ठरते.

रात्र सुरू झाल्यावर मुख्य काम एकमेकांवर नजर ठेवण्याचे असते. गारठलेल्या माणसाला आपण गारठलो आहोत हे स्वतःहून कळत नाही, कारण सर्वांत आधी निर्णयशक्तीच मंदावते. जोड्या लावाव्यात आणि ठरावीक वेळाने प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवून दाखवायला सांगावे. ते जमत नसेल तर हाताचे स्नायू पुरेसे गार झाले आहेत, असे समजावे. बोलणे अडखळणे, धडपडणे, वस्तू हातातून निसटणे, कुरकुर किंवा एकदम गप्प होणे, ही पुढची लक्षणे. जोरात कुडकुडणारा माणूस अजून झुंजतो आहे. तापमान 32 अंशांच्या खाली जाऊ लागले की हुडहुडी मंदावते आणि मग थांबते, आणि ‘आता थंडी वाजत नाही’ हे त्याचे वाक्य ऐकून सुटकेचा श्वास टाकणारे सोबती मी सरावाच्या प्रसंगांत वारंवार पाहतो. ते वाक्य धोक्याची घंटा मानावे. काही जण शेवटच्या टप्प्यात अंगावरचे कपडे भराभर काढू लागतात. त्यांना वेड लागले आहे असे समजून ओरडू नये, त्यांना पुन्हा झाकावे आणि दोघांच्या मध्ये घ्यावे. अशा माणसाचे हातपाय चोळू नयेत, त्याला चालवू नये, मद्य तर मुळीच देऊ नये, कारण मद्याने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर पडते. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड, कोमट पेय द्यावे. ऊब द्यायची ती छाती, काखा आणि मानेजवळ.

हिमदंशाबद्दल थोडक्यात सांगतो. बोटे पांढुरकी, मेणासारखी आणि बधिर झाली तर ती काखेत किंवा जोडीदाराच्या पोटाशी धरावीत, बर्फाने चोळण्याचा जुना उपाय विसरून जावा. पण बोटे खोलवर गोठली असतील आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर ती मुद्दाम वितळवू नयेत. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या भागाची हानी फार मोठी असते. बूट सैल ठेवावेत, कारण आवळलेल्या बुटात रक्त पोहोचत नाही.

आग पेटवण्याचा प्रश्न आपण पहिला ठेवला होता, म्हणून त्याविषयी माझे मत सांगतो. झाडांच्या रेषेच्या वर, वादळात, ओल्या हातांनी पेटवलेली आग घटकाभर जळते आणि तिच्यामागे गेलेली शक्ती परत मिळत नाही. विमानाचे इंधन उघड्यावर ओतून पेटवण्याचा विचार तर डोक्यातून काढावा. पिस्टन इंजिनाच्या विमानातील पेट्रोल अतिशय ज्वालाग्राही असते आणि जेट इंधन कडक थंडीत सहजी पेटत नाही, म्हणून लोक वाकून वारंवार प्रयत्न करतात आणि भाजून घेतात. वारा पडल्यावर उघड्या डब्यात वाळू किंवा माती भरून, ती इंधनाने भिजवून, लांब काडीने पेटवलेली लहान चूल मात्र उपयोगी पडते आणि ती नेहमी निवाऱ्याच्या बाहेर असावी. बंद जागेत काहीही जाळले की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि डोकेदुखी व झोप यांपलीकडे तो काही इशारा देत नाही.

पाण्याची अडचण अन्नाच्या कितीतरी आधी येते. उंचावरची हवा कोरडी असते आणि धापा टाकताना श्वासावाटे बरेच पाणी जाते, त्यामुळे भोवती बर्फच बर्फ असूनही माणसे शुष्क होतात. बर्फ तोंडात टाकून खाऊ नये, असे सगळे सांगतात, पण का ते क्वचितच सांगतात. शून्य अंशाचा 1 किलो बर्फ वितळवायला सुमारे 80 किलोकॅलरी आणि ते पाणी शरीराच्या तापमानाला आणायला आणखी 37 किलोकॅलरी लागतात. हा सगळा खर्च आपल्याच अंगातून जातो. त्यामुळे बर्फ वितळवण्याचे काम सूर्याकडून करून घ्यावे. अँडीजमध्ये आदोल्फो स्त्राउच या तरुणाने आसनाच्या पाठीतला धातूचा पत्रा उन्हात तिरका धरून, त्यावर बर्फाचा पातळ थर पसरून, ठिबकणारे पाणी बाटलीत गोळा करण्याची युक्ती काढली. वादळात ऊन नसते, तेव्हा बाटलीत थोडे पाणी शिल्लक ठेवून त्यात बर्फ भरावा आणि ती अंगालगत न ठेवता कपड्यांच्या दोन थरांमध्ये ठेवावी. थोड्या पाण्यात बर्फ लवकर विरघळतो. बर्फ नसलेल्या प्रदेशातही हीच कल्पकता लागते. 1992 साली व्हिएतनामच्या डोंगरात कोसळलेल्या विमानातून एकटीच वाचलेली प्रवासी आठ दिवस जगली, ती विमानाच्या पंखातले उष्णतारोधक साहित्य बोळ्यासारखे वापरून, त्यात पावसाचे पाणी शोषून, ते पिळून पीत असे म्हणून.

अन्नाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पाणी आणि ऊब असेल तर प्रौढ माणूस अन्नाविना काही आठवडे काढू शकतो. 1963 च्या फेब्रुवारीत कॅनडातल्या युकॉन भागात, ऐन हिवाळ्यात कोसळलेल्या लहान विमानातील दोघे जखमी 49 दिवस तगले आणि त्यांच्याजवळचे थोडेसे अन्न लवकरच संपले होते. जे काही गोड आणि तेलकट असेल ते एकत्र करून एकाच्या ताब्यात द्यावे आणि झोपण्यापूर्वी थोडे वाटावे, कारण पचनक्रियेतून आणि हुडहुडीतून रात्री ऊब मिळायला ते इंधन लागते. अँडीजमधल्यांना अखेरीस मृत सहप्रवाशांच्या देहांवर जगावे लागले, हे सर्वश्रुत आहे. परंतु तो प्रसंग पहिल्या रात्री उद्भवत नाही आणि पहिल्या रात्रीच्या नियोजनात त्याची छाया पडू देऊ नये.

प्रत्यक्ष वादळ सुरू असताना करायच्या कामांची यादी छोटी आहे. झरोक्यात एक काठी किंवा अँटेनाची दांडी खोचून ठेवावी आणि जागणाऱ्याने अधूनमधून ती हलवून भोक मोकळे ठेवावे, नाहीतर साचणारा बर्फ ते नकळत बंद करतो. शौचासाठी बाहेर जावे लागू नये म्हणून डबा आत ठेवावा. गेलाच कोणी, तर कमरेला पट्टा बांधून आणि दुसरे टोक आतल्याच्या हातात देऊन जावे. भोवती सगळे पांढरे असताना विमानापासून वीस पावलांवर हरवलेली माणसे सापडतात, ती वितळ झाल्यावर. वादळ येण्यापूर्वी बाहेर विखुरलेले सामान आत आणावे, कारण सकाळी ते बर्फाखाली असेल आणि कुठे ते आठवणार नाही.

आता ‘थांबावे की निघावे’ या प्रश्नाकडे येतो. आधीचे सगळे सूत्र इथवर पोहोचते: निवारा, कोरडेपणा, पाणी आणि एकमेकांवरची नजर यांनी रात्र पार पडली की मग शोधाची बाजू विचारात घेता येते. आजच्या बहुतेक विमानांत आपटताच आपोआप चालू होणारे आपत्कालीन संदेशयंत्र असते. ते 406 मेगाहर्ट्झवर कॉस्पास-सारसॅट या उपग्रह यंत्रणेला संकेत पाठवते आणि 121.5 मेगाहर्ट्झवर जवळ आलेल्या शोधविमानाला दिशा दाखवते. 406 वरचा संकेत किमान 24 तास चालला पाहिजे, असे मानक आहे. जुने, फक्त 121.5 वर चालणारे यंत्र असेल, तर लक्षात ठेवावे की 1 फेब्रुवारी 2009 पासून उपग्रह ती लहर ऐकत नाहीत. म्हणून पहिल्या उजेडात यंत्राचा दिवा लुकलुकतो आहे का आणि अँटेना तुटलेली तर नाही ना, हे पाहावे. तुटली असेल आणि सुटे अँटेना सोबत असेल तर जोडावे.

शोधपथक आकाशातून माणूस शोधत नाही, तर विमान, सावली, रंग आणि हालचाल शोधते. अँडीजमधले पांढरे धड पांढऱ्या बर्फात वरून दिसले नाही; छतावर लिपस्टिकने एसओएस लिहिण्याचा प्रयत्नही रंग अपुरा पडल्यामुळे सोडून द्यावा लागला, आणि आठ दिवसांनी शोध थांबवण्यात आला. म्हणून प्रत्येक हिमवर्षावानंतर पंख आणि शेपटी झाडून काढावी. उजळ लाइफ जॅकेट पंखांवर बांधावीत. बर्फात चर खणून अक्षरे काढावीत; आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जमिनीवरच्या ‘व्ही’चा अर्थ मदत हवी आणि ‘एक्स’चा अर्थ वैद्यकीय मदत हवी, आणि खुणा किमान 2.5 मीटर लांब असाव्यात, पण मी तर म्हणेन की जागा आहे तितकी मोठी काढा. युकॉनच्या त्या दोघांचा शोध लागला, तो बर्फात पायाने तुडवून काढलेल्या एसओएसमुळे. इंजिनाचे तेल गोठण्याआधी, पहिल्याच दिवशी, काढून ठेवले तर टायरच्या तुकड्यांबरोबर ते जाळून काळा धूर करता येतो. बर्फावर काळा आणि हिरव्या जंगलावर पांढरा धूर उठून दिसतो.

चालत निघून वाचलेल्यांची उदाहरणे माझ्यापुढे नेहमी ठेवली जातात. 24 डिसेंबर 1971 रोजी पेरूच्या जंगलात कोसळलेल्या विमानातील 17 वर्षांची युलिआना कोएप्के 11 दिवस ओढ्याच्या काठाने चालून माणसांपर्यंत पोहोचली, हे खरे आहे. पण ती एकटी होती, घनदाट झाडीमुळे वरून दिसण्याची शक्यता नव्हती, तिला त्या जंगलाची ओळख होती आणि तिथे थंडीने काही तासांत मरण येत नव्हते. 2023 मध्ये कोलंबियाच्या जंगलात वाचलेली चार भावंडे 40 दिवसांनी सापडली, ती अपघातस्थळापासून सुमारे 5 किलोमीटरवर. शोधपथकाला विमान मात्र त्यांच्या कितीतरी आधी, दोन-अडीच आठवड्यांतच सापडले होते. बर्फाळ डोंगरात तर मार्गाचे अनुमानही दगा देते. अँडीजमध्ये मरणासन्न सहवैमानिकाच्या बोलण्यावरून सर्वांना वाटले की आपण पर्वत जवळजवळ ओलांडला आहे. प्रत्यक्षात ते पर्वतरांगेच्या ऐन मध्यावर होते. नांदो परादो आणि रोबेर्तो कानेसा 12 डिसेंबरला निघाले आणि 20 डिसेंबरला त्यांना घोड्यावरचा गुराखी सेर्हिओ कातालान दिसला, तेव्हा दक्षिण गोलार्धातला उन्हाळा सुरू झाला होता, त्यांच्याकडे शिवलेली पिशवी होती आणि शोध थांबल्याचे त्यांनी रेडिओवर स्वतः ऐकले होते. हेच दोघे पहिल्या आठवड्यात, वादळात निघाले असते तर पोहोचले असते असे मला वाटत नाही.

त्यामुळे निघायचे ते तीन अटी पूर्ण झाल्यावरच: हवामान किमान दोन दिवस स्थिर दिसते आहे, शोध थांबला आहे किंवा मुळात सुरूच झाला नाही असे मानण्यास ठोस कारण आहे, आणि जाणाऱ्यांना एक रात्र उघड्यावर काढता येईल इतके साहित्य तयार आहे. सर्वांत सशक्त दोघे-तिघेच जावेत. पहाटे, बर्फ घट्ट असताना चालावे. दिशेचा बाण जमिनीवर काढून आणि चिठ्ठी विमानात ठेवून जावे. डोळ्यांवर काहीतरी असलेच पाहिजे, कारण ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो आणि एका दिवसात माणूस तात्पुरता आंधळा होऊ शकतो. कॉकपिटमधल्या उन्हापासून संरक्षण देणाऱ्या रंगीत पट्ट्या कापून चष्मे करता येतात, अगदीच काही नसेल तर पुठ्ठ्यात बारीक चीर पाडावी.

शेवटचा मुद्दा सुटकेच्या क्षणाचा, कारण तो कोणी विचारत नाही. हेलिकॉप्टर दिसताच गारठलेली माणसे उठून धावतात आणि त्यांतली काही तिथेच कोसळतात. मदत आली या भावनेने शरीराचा ताण सुटतो, रक्तदाब घसरतो आणि थंड झालेले हृदय बिथरते. ज्याची हुडहुडी थांबली आहे किंवा ज्याची शुद्ध हरपत आहे, त्याला उभे करू नये, आडवेच ठेवून, धक्का न लावता उचलू द्यावे. पंख्याच्या वाऱ्याने उडेल असे सगळे, पांघरुणांसकट, आधीच दगडांखाली दाबून ठेवावे आणि आतल्या माणसाने खूण केल्याशिवाय कोणीही हेलिकॉप्टरकडे जाऊ नये; जायचे ते समोरून, उतारावर असाल तर खालच्या बाजूने, कारण वरच्या बाजूला पाती जमिनीच्या फार जवळ असतात.